चारशे अकरा एकरांच्या कुंपणाबाहेर

जुलैच्या पावसात जनवाडीच्या चढावर पाठीला सॅक लावलेली मुलं दोघा-तिघांच्या घोळक्यानं फिरताना दिसतात. विजेच्या खांबांवर, किराणा दुकानांच्या शटरशेजारी, झेरॉक्सच्या काउंटरवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. ‘कॉट बेसिसवर मुलांसाठी जागा’, ‘फक्त मुलींसाठी, वाय-फाय, गिझर’, ‘वन आरके, फॅमिलीला प्राधान्य’. फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, नोकरी की शिक्षण? शिक्षण म्हटलं की दुसरा, गाव कुठलं, वडील काय करतात? तिसऱ्या प्रश्नाआधी बरेच फोन बंद झालेले असतात. जे बंद होत नाहीत, त्यांच्या पत्त्यावर ही मुलं जातात, खोली बघतात, भाडं ऐकतात आणि पुढच्या गल्लीत वळतात.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘छप्पर’ हा विषय दिला, तेव्हा मला हा चढ आठवला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलाला विद्यापीठाच्या आसपास राहायला काय पडतं, ते पैसे कुठून येतात आणि कुठे जातात, हे बघायला मी गोखलेनगर, जनवाडी, खैरेवाडी, औंध गावठाण, जुनी सांगवी, बोपोडी अशी हिंडत राहिले. मुलांशी बोलले, मालकांशी बोलले, एजंटांच्या मागून जिने चढले. प्रवेश मिळेल की नाही हे गुणवत्ता यादी ठरवते, पण मिळालेला प्रवेश टिकेल की नाही हे कॉटचं भाडं ठरवतं, हे या फिरण्यात मला पटत गेलं.

पूरग्रस्तांच्या घरांवर चढलेले मजले

विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं, ते गणेशखिंडीतल्या मुंबईच्या गव्हर्नरच्या पावसाळी निवासात. सुमारे ४११ एकरांचा परिसर. वड-पिंपळ, दगडी इमारती, जयकर ग्रंथालय, पुढे आलेली आयुका आणि सीडॅकसारख्या संस्था. जमिनीला तोटा नाही. वसतिगृहंही आहेत, पण जागा नेहमीच अर्जांपेक्षा कमी. ज्यांना खोली मिळत नाही ते काही दिवस मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून काढतात. मुलं त्याला ‘पॅरासाइट’ म्हणून राहणं म्हणतात. तपासणी आली की गादी गुंडाळायची, बाहेर पडायचं, रात्री परत यायचं. असं एखादं सत्र निघतं. मग कुंपणाबाहेर खोली शोधावीच लागते.

या खोल्या आहेत कुठे, तर विद्यापीठाभोवतीच्या उंच सोसायट्यांमध्ये थोड्या आणि त्यांच्या मागे दडलेल्या जुन्या वसाहतींमध्ये जास्त. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि हजारो कुटुंबं उघड्यावर आली. त्यांच्यातल्या अनेकांना गोखलेनगर, जनवाडी अशा तेव्हाच्या गावाबाहेरच्या माळावर वसवलं गेलं. घरं लहान, एका कुटुंबापुरती. जमिनीच्या मालकी हक्काचा प्रश्न अनेक दशकं शासनदरबारी रेंगाळत राहिला, पण माणसं थांबली नाहीत. मुलांची लग्नं झाली तसा वर एक मजला चढला, नातवंडं झाली तसा दुसरा. सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिस वाढलं, विद्यापीठात विभाग वाढले, आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना भाडेकरू मिळू लागले.

एका घरात लोखंडी जिन्यानं वर गेले. जिना इतका उभा की कठडा धरल्याशिवाय चढवत नाही. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, त्याखाली पीओपीचं छत. तीन लोखंडी कॉट, प्रत्येकीखाली एक पत्र्याची ट्रंक, भिंतीत एक कपाट तिघांत वाटलेलं. खिडकीच्या गजांना वाळत घातलेले टॉवेल. संडास-बाथरूम खालच्या मजल्यावर, सहाजणांत एक. खोली स्वच्छ होती, पुस्तकं नीट रचलेली होती. त्या तिघांतला एक हिंगोली जिल्ह्यातला, राज्यशास्त्राचा एम.ए. करणारा. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापतो तेव्हा खोलीत बसवत नाही, म्हणून तो सकाळी आठला निघतो आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत परत येत नाही. खोलीचं भाडं तो देतो, पण दिवस काढतो विद्यापीठात.

जुन्या पूरग्रस्तांची तिसरी पिढी आता या भाड्यावर घर चालवते. आजीनं निर्वासितासारखी रात्र काढलेली, आणि नात परगावच्या मुलांना खोली देते आहे. या घरांमध्ये मला माणुसकी बरीच दिसली. गणपतीत भाडेकरू पोरांना जेवायला बोलावणं, ताप आला तर खिचडी वर पाठवणं, परीक्षेच्या महिन्यात भाडं मागे-पुढे चालवून घेणं. विद्यापीठाच्या जवळपास गरीब मुलाला परवडेल अशी जी काही जागा उरली आहे, ती या लोकांनी कुणाचीही मदत न घेता उभी केली आहे.

कॉटचा हिशेब

इथे भाडं खोलीचं नसतं, कॉटचं असतं. मी बघितलेल्या जागांत तिघांच्या खोलीतली एक कॉट साडेतीन ते पाच हजारांना होती. दोघांची खोली, आत संडास-बाथरूम असेल तर साडेपाच ते सात हजार. जेवणासकट पीजी म्हटलं की नऊ हजारांपासून सुरुवात. औंधच्या सोसायटीतला वन बीएचके वीस हजारांच्या आसपास आणि टू बीएचके तीस हजारांच्या पुढे. अनामत कॉटला एक-दोन महिन्यांची, फ्लॅटला दोन-तीन महिन्यांची. लाइटबिल वेगळं. एजंटामार्फत गेलं तर एक महिन्याचं भाडं त्याचं.

याचं गणित मालकाच्या बाजूनं सोपं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत कुटुंब राहिलं तर ते सात-आठ हजारांच्या वर देणार नाही. तीन कॉट टाकल्या तर तीच खोली बारा-तेरा हजार देते, चौथी बसवली तर सोळा. म्हणून चौथी बसवली जाते. फ्लॅटमध्ये हॉलमधल्या दिवाणाचीही कॉट होते, बाल्कनीला काच लावली की तिथेही एक.

वरच्या टोकाला भाडं ठरवणारा मात्र विद्यार्थी नसतोच. हिंजवडीत कामाला जाणारे तिघे मिळून तीस हजारांचा फ्लॅट घेतात, तेव्हा प्रत्येकाला दहा हजार पडतात आणि पगारातून ते सहज जातात. औंध, बाणेर, पाषाणच्या मालकांना हाच भाडेकरू हवा असतो. खासगी संस्थांत भरपूर फी भरून शिकणारी मुलंही त्याच रांगेत असतात. औंधमध्ये भाडं चढलं की तिथला मध्यमवर्गीय भाडेकरू सांगवीत सरकतो, सांगवीतला पिंपळे गुरवला. विद्यापीठातला एम.ए.चा विद्यार्थी या सगळ्यांच्या मागे उभा असतो, आणि प्रत्येक सरकण्याबरोबर त्याची खोली विद्यापीठापासून आणखी एक बस लांब जाते. दापोडीला राहणारी मुलं सकाळची लोकल पकडून खडकीला उतरतात आणि तिथून चालत येतात. भाड्यात हजार वाचतात, दिवसातले दीड-दोन तास जातात.

हिंगोलीच्या त्या मुलाचा हिशेब त्यानं वहीत मांडून ठेवला होता. कॉट साडेचार हजार, मेस साडेतीन हजार, बाकी किरकोळ. महिन्याला साडेआठ-नऊ हजार. दहा महिन्यांचे पंचाऐंशी-नव्वद हजार. घरी कोरडवाहू शेती, सोयाबीन. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि बाजारात तो हातात पडतोच असं नाही. पूर्ण हमीभाव मिळाला असं धरलं तरी या एका मुलाच्या राहण्या-जेवण्याला वर्षाकाठी सोळा-सतरा क्विंटल सोयाबीन लागतं. कोरडवाहू एकराचा उतारा चांगल्या वर्षी सहा-सात क्विंटल. म्हणजे खत, बियाणं, मजुरी काहीही वजा न करता अडीच एकरांचं सगळं पीक या एका कॉटवर आणि ताटावर येतं. पाऊस लांबला किंवा काढणीच्या वेळी कोसळला, तर पहिला फोन पुण्याला येतो.

शासनाचे दोन हजार

फीचा प्रश्न महाराष्ट्रात पुष्कळ सुटला आहे, हे मान्य केलं पाहिजे. शिष्यवृत्त्या आहेत, प्रतिपूर्ती आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण फीमाफी देण्याचा निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला. विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या आणि भाषांच्या विभागांत तर वर्षाची फी कॉटच्या काही महिन्यांच्या भाड्यात भागते. अडतं ते राहण्यापाशी.

राहण्यासाठी शासनाची सगळ्यांत महत्त्वाची मदत म्हणजे अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर मुलानं बाहेर राहावं आणि खर्च शासनानं द्यावा, हा तिचा अर्थ. २०१६-१७ पासून ती चालू आहे. पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये. त्यांतले ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे, ८,००० इतर निर्वाहाचे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीच्या आहेत. या योजनांनी हजारो मुलं शहरात टिकवली आहेत आणि त्यांचं मोल कमी लेखता येणार नाही.

पण राहण्याचे वीस हजार दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला दोन हजार येतात. बारा महिन्यांवर वाटले तर १,६६७. मला विद्यापीठाभोवती दोन हजारांत कॉट कुठेही आढळली नाही. साडेतीन हजारांच्या पत्र्याखालच्या कॉटचाही निम्म्याच्या आसपास भागच त्यातून निघतो. शिवाय पैसे यायला सत्र संपावं लागतं, कधी वर्षही. अनामत आणि पहिलं भाडं मात्र जुलैत, चावी हातात घेताना, रोख द्यावं लागतं. त्या जुलैच्या पंधरा दिवसांत किती मुलं परतीची गाडी धरतात, याची नोंद कुठेही ठेवली जात नाही. विभागात पहिल्या महिन्यात पटावर असलेलं नाव दिवाळीनंतर हजेरीत ऐकू येत नाही, एवढंच त्याचं दिसणारं रूप.

अकरा महिन्यांचा कागद

भाड्यावर राहत असल्याचा पुरावा म्हणून या योजनांना करारनामा लागतो. इथे दुसरी अडचण उभी राहते, कारण कॉट बेसिसवर करार सहसा होतच नाही. वहीत नाव, आधार कार्डाची झेरॉक्स, रोख भाडं, फार तर एक पावती.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी टळते, हा समज देशात इतरत्र खरा असेल. वर्षाच्या आतल्या करारांना तिथे नोंदणीची सक्ती नसते. महाराष्ट्रात ती एका महिन्याच्या करारालाही आहे. आणखी एक गोष्ट भाडेकरू मुलांना ठाऊक नसते. करार नोंदवलेलाच नसेल तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. अनामत बुडवणाऱ्या मालकासमोर हे कलम मुलाच्या हातात असतं, पण ते त्याला सांगायला कुणी नसतं.

नोंदणीचा खर्चही अवाच्या सवा नाही. एकूण भाडं आणि अनामतीवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, आणि महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी. पंधरा हजार भाडं आणि पन्नास हजार अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक पडतो सव्वाचारशेच्या आसपास. सगळं मिळून सरकारी खर्च दोन हजारांच्या आत. घरबसल्या, अंगठा आणि फोटो देऊन तो नोंदवता येतो. तरीही मालक टाळतात, आणि त्यांच्याशी बोलल्यावर त्यामागची भीती समजते.

मालकांचं म्हणणं

औंधमधल्या एका जुन्या सोसायटीत एक सत्तरीच्या बाई राहतात. यजमान गेले, मुलगा परदेशी. मागची खोली दोन मुलींना दिली आहे. येणाऱ्या बारा हजारांत त्यांची औषधं आणि कामवाल्या मावशींचा पगार भागतो. घरात रात्री कुणीतरी आहे, हा आधार वेगळाच. करार का केला नाही, असं विचारल्यावर त्यांनी तीन कारणं सांगितली. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, आणि भाडेकरू कागदावर आला की ती जाईल. संस्था बिनभोगवटा शुल्क मागेल, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत ते घेता येतं. तिसरं कारण म्हणजे एकदा कागद केला की भाडेकरू हलणार नाही, ही जुन्या वाड्यांच्या काळापासून पुण्यात मुरलेली भीती.

तिसरी भीती आज निराधार आहे. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येतं, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी त्याला दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. कागद मालकाचंच रक्षण करतो. पण पहिली भीती खरी आहे, आणि ती महापालिकेनं स्वतः निर्माण केली आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं एक खोली विद्यार्थिनींना दिली तर शहरावर उपकारच होतात. त्याबद्दल सवलत जाण्याची टांगती तलवार असेल, तर ती बाई व्यवहार लपवणार, आणि लपवलेल्या व्यवहारात तिच्याकडच्या मुलींना करारनामा मिळणार नाही.

सोसायट्यांचे नियम हा आणखी एक अडसर. बॅचलर नकोत, मुलगे नकोत, रात्री दहानंतर पाहुणे नकोत. आडनाव ऐकून जागा नुकतीच गेली असं सांगणं तर जुनंच. आडनाव सांगितल्यावर बोलणं कसं थांबतं, हे दलित आणि मुस्लिम मुलांनी मला ज्या शांतपणे सांगितलं, त्या शांतपणाची मला लाज वाटली. ही मुलं शेवटी ज्या वस्त्यांत पोचतात तिथे भाडं कमी असतंच असं नाही. दारं कमी उघडी असली की उघड्या दाराची किंमत वाढते.

मुलींना जास्तच मोजावं लागतं. पत्र्याच्या खोलीत, बाहेरच्या संडासात राहायला आई-वडील धजत नाहीत. रस्त्यावर दिवे हवेत, बसथांबा जवळ हवा, खाली मालकीणबाई हव्यात. या प्रत्येक अटीनं भाडं पाचशे-हजारांनी चढतं, वर दाराला कुलूप लागण्याची वेळ ठरलेली. ग्रंथालयात उशिरापर्यंत बसायचं की वेळेत घरी पोचायचं, हे तिच्या अभ्यासापेक्षा गेटची वेळ ठरवते.

आधी बोर्डिंग

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही, आणि त्याचं उत्तरही आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं होतं की खेड्यातल्या मुलाला शाळेचं दार उघडं असून उपयोग नाही, रात्री पाठ टेकायला जागा पाहिजे. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, आणि मग एकामागून एक निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय, आणि त्या बदल्यात घरातल्यासारखी कामं वाटून घेणं. समितीची वसतिगृहं आजही विद्यापीठापासून जवळच, शिवाजीनगर आणि सेनापती बापट रस्त्याच्या परिसरात चालतात. तिथून शिकून गेलेली माणसं परत येऊन मदत करतात.

या सगळ्यांनी छपराला शिक्षणाचाच भाग मानलं होतं. गेल्या काही दशकांत आपण तो भाग शिक्षणातून काढून बाजाराला देऊन टाकला. विभाग वाढवले, तुकड्या वाढवल्या, इमारती बांधल्या, आणि त्या तुकड्यांतली मुलं झोपणार कुठे हा प्रश्न जनवाडीच्या लोखंडी जिन्यांवर सोडला.

करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं पुष्कळ स्वस्त आहे. वसतिगृहं बांधणं हे पहिलं काम, आणि ४११ एकर हाताशी असलेल्या विद्यापीठानं जागा नाही असं म्हणू नये. ती होईपर्यंत विद्यापीठानं आसपासच्या खोल्यांची स्वतःची यादी ठेवावी. खोली बघून घ्यावी, भाडं लिहून ठेवावं, एकच नमुना करार वापरावा आणि नोंदणीचे दोन हजार स्वतः भरावेत. म्हणजे मुलाच्या हातात करारनामा येईल आणि एजंटाचं एक महिन्याचं भाडं वाचेल. विद्यार्थ्याला खोली देणाऱ्या आणि करार नोंदवणाऱ्या घराची ४० टक्के सवलत महापालिकेनं अभय देऊन कायम ठेवावी. केंद्रानं २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. तो राज्यांनी स्वीकारायचा असतो, आणि निदान विद्यार्थ्यांपुरती ही मर्यादा महाराष्ट्रानं लगेच आणावी. स्वाधार आणि तिच्या भावंड-योजनांतली निवासाची रक्कम खऱ्या भाड्याशी जोडावी, आणि पहिला हप्ता जुलैत द्यावा, कारण मुलाला अनामत जुलैतच भरायची असते.

यातलं कशालाही नवं तत्त्वज्ञान लागत नाही. साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या बोर्डिंगांत ते आधीच सिद्ध झालेलं आहे. ज्या राज्यात बोर्डिंगातून मुलं घडली, त्या राज्यातल्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. त्या नावाशी प्रामाणिक राहायचं तर प्रवेशाच्या पत्रासोबत राहण्याची जागाही देता आली पाहिजे. ती मिळेपर्यंत गुणवत्ता यादीत नाव लागलेल्या प्रत्येक गरीब मुलाचा प्रवेश अर्धाच आहे.